रिकाम्या हॉलचे फोटो

मंगळवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी पालिकेच्या निवारा कक्षातली दोन माणसे बुधवार पेठेतल्या बंद पडलेल्या शाळेत आली. त्यांनी तळमजल्याचा हॉल उघडून घेतला, आत पाहिले, ‘लाभार्थी आढळून आले नाहीत’ असा शेरा मारला आणि निघून गेली.

हॉलमध्ये कुणी असण्याचे कारणच नव्हते. तो रात्रनिवारा होता. संध्याकाळी सातला उघडायचा, सकाळी सातला बंद व्हायचा. तिथे झोपणारी माणसे अकरा वाजता शहरभर पांगलेली असत. कुणी फुलबाजारात, कुणी लग्नाच्या हॉलमध्ये ताटे मांडत, कुणी हातगाडी ओढत. बेघर माणूस दिवसभर घरीच बसून असतो, असा समज असल्याखेरीज त्या वेळी तिथे तपासणीला कुणी गेले नसते.

हॉलची किल्ली समोरच्या बद्रीनाथ करप्यांकडे असे. त्यांचे स्पीकर आणि मिक्सर दुरुस्तीचे दुकान होते. त्यांनी लगेच नम्रता सोनकांबळेला फोन लावला.

“मॅडम, पालिकेचे दोन जावई येऊन गेले.”

“आत्ता? आत्ता कोण असणार तिथे?”

“मीही तेच म्हटलं. म्हटलं, माझं दुकान दहाला उघडतं. पहाटे तीनला येऊन दुकान बंद आहे असा शेरा मारणार का?”

“मग काय म्हणाले?”

“काही नाही. माझंच लायसन बघायला मागितलं.”

नम्रता तेव्हा हिंजवडीत होती. दुसऱ्यांनी बनवलेल्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधणे हे तिचे काम, आणि त्यात ती कंपनीत नावाजलेली होती. चार वर्षांपूर्वी तिने आणि तिच्या काही सहकाऱ्यांनी हा निवारा सुरू केला. पालिकेने जागा दिली आणि वर्षाचे अनुदान मंजूर केले. वीज, पाणी, पांघरुणांची धुलाई आणि रात्रीचा रखवालदार त्यावर भागे. बाकी सगळे काम स्वयंसेवकांचे. दिवसभर संगणकापुढे बसलेली माणसे संध्याकाळी पाळीने येऊन फरशी पुसत, गाद्या घालत, चहा करत. पालिकेला त्यासाठी छदामही पडत नव्हता.

निवाऱ्याचा एक नियम होता आणि तो नम्रताने घातलेला होता. तिथे राहणाऱ्या कुणाचाही फोटो काढायचा नाही, आणि कुणी आपण होऊन सांगितल्याशिवाय गाव-आडनाव विचारायचे नाही. निवारा निघण्याआधी एका थंडीत ती कंपनीच्या चमूबरोबर नदीकाठच्या पुलाखाली ब्लँकेटे वाटायला गेली होती. ब्लँकेट हातात पडताच एका म्हाताऱ्याभोवती सहा जणांनी मोबाइल उंचावले. त्याने तेच ब्लँकेट डोक्यावरून ओढून तोंड झाकले आणि ती मंडळी जाईपर्यंत काढले नाही. नम्रताला पुढे त्या रात्रीचे काहीच आठवत नसे, तेवढे मात्र आठवे.

त्यामुळे दर तिमाहीला पालिकेकडे जे फोटो जात, ते सकाळी सातनंतर काढलेले असत. पुसलेली फरशी, भिंतीला लावून रचलेल्या गाद्या, घडीवर घडी बसवलेली पांघरुणे. माणूस एकही नाही.

बुधवारी ती रजा टाकून निवारा कक्षात गेली. कक्षाचे अधिकारी श्यामसुंदर देवळे वागायला अतिशय सभ्य होते. त्यांनी तिला बसायला सांगितले, पाणी मागवले आणि आपला संगणक तिच्याकडे वळवला.

“हे फोटो तुम्हीच पाठवलेत ना?”

“हो.”

“सुंदर आहेत. एखाद्या लॉजच्या जाहिरातीत शोभतील. आता यात मला एक माणूस दाखवा.”

“आम्ही माणसांचे फोटो काढत नाही. पहिल्याच वर्षी तसं कळवलंय तुम्हाला.”

“तत्त्व चांगलंय, मॅडम. पण अनुदान माणसांना असतं, गाद्यांना नसतं.”

“मग संध्याकाळी आठला या. स्वतः बघा.”

“आमची वेळ सव्वासहाला संपते.”

“रात्रनिवाऱ्याची तपासणी तुम्ही दिवसा करणार?”

“निवारा तुमचा रात्रीचा असेल,” देवळे शांतपणे म्हणाले, “पालिका दिवसाची आहे.”

समोरच्या माणसाला आपल्या वाक्यात काही चुकले आहे असे वाटतच नसेल, तर चूक दाखवायची कशी, हा प्रश्न नम्रताला कामावर कधी पडला नव्हता.

देवळ्यांनी मग आवाज थोडा खाली आणला. त्या हॉलबद्दल वरून विचारणा होती. तिथे ई-अभ्यासिका करायचे घाटत होते. स्पर्धा परीक्षांची मुले, रांगेने संगणक, वातानुकूलन. “तुम्ही तर आयटीतल्या. तुम्हाला आनंद व्हायला हवा.”

“माणसं कुठे जातील?”

“माणसं आहेत हे आधी सिद्ध होऊ द्या. मी खास बाब म्हणून शुक्रवारी संध्याकाळी माझा माणूस पाठवतो. निम्म्या गाद्या तरी भरलेल्या हव्यात. ज्याच्या त्याच्या अंथरुणावर फोटो, चेहरे स्पष्ट दिसतील असे. तेवढं झालं की अनुदानाची शिफारस मी करतो.”

“आणि फोटो?”

“फाइलीत राहतील.”

“फक्त फाइलीत?”

“फाइलीतून कुठे जाणार, मॅडम? फाइली इथून हलत नाहीत हीच तर लोकांची तक्रार असते.”

देवळे हसले. नम्रताही हसली. पुढच्या आठवड्यात तिला त्या हसण्याचा स्वतःचाच राग येणार होता.

त्याच संध्याकाळी तिने हॉलमध्ये सगळ्यांना बसवून हे सांगितले. तिच्याबरोबर पाळीवर तेजस होता. निवाऱ्याची वेबसाइट त्याने केली होती आणि रिकाम्या हॉलच्या फोटोंवरून त्याचा नम्रताशी जुना वाद होता.

“मॅम, सिंपल आहे,” तो म्हणाला. “प्रायव्हसी ओके आहे. पण छप्परच गेलं तर प्रायव्हसी ठेवणार कुठे?”

“काढा ताई, माझा काढा,” सुखदेव म्हणाला. तो हिंगोलीकडचा, केटररकडे वाढप्याचे काम करायचा. “माझ्या लग्नात फोटोवाला माझ्यापर्यंत पोचायच्या आधी त्याचा रोल संपला होता. आता सरकारी खर्चानं तरी येईल.”

लोक हसले. बऱ्याच जणांनी माना डोलावल्या. नळाजवळ बसलेल्या सुंदराबाई मात्र पदर पुढे ओढून म्हणाल्या, “मले नको.”

सुंदराबाई वाशीमकडच्या. दगडूशेठ गणपतीच्या मंदिरापुढच्या फुलवाल्यांना दूर्वांच्या जुड्या बांधून देत. पहाटे बाजारात दूर्वांचे भारे येत, तेव्हा त्या तिथे हजर असत. दीड वर्षापूर्वी त्या निवाऱ्यात आल्या. त्यांचे एकच मागणे असे आणि ते रोजचे असे. नम्रता आली की विचारायच्या, “ताई, आज तुमच्या कॅन्टीनमंदी काय होतं?”

नम्रता सांगायची, राजमा, जिरा राईस, कोबी. सुंदराबाई ते तोंडपाठ करत रस्ता ओलांडायच्या, करप्यांच्या दुकानातून वाघोलीला लेकीला फोन लावायच्या आणि सांगायच्या, “आज राजमा केला होता वो. लई मानसं होती जेवाले.” राधाच्या, म्हणजे त्यांच्या लेकीच्या सासरी अशी समजूत होती, की तिची आई हिंजवडीत एका कंपनीच्या कॅन्टीनमध्ये स्वयंपाकाला आहे आणि तिथेच खोली घेऊन राहते. लग्न जमवताना हेच सांगितले होते. पालिकेच्या हॉलमध्ये झोपणाऱ्या बाईची लेक त्यांनी करून घेतली नसती. करप्यांना हे ठाऊक होते, नम्रताला ठाऊक होते. दोघांनीही त्यावर कधी चर्चा केली नव्हती. फक्त कॅन्टीनला सुट्टी असली की नम्रता आपल्या मनाने एखादी भाजी सांगायची.

“तुमचा नाही काढणार, मावशी,” नम्रता म्हणाली. “ज्याला नको त्याचा नाही.”

शुक्रवारी मोठी लग्नतिथी निघाली. नम्रताच्या हे लक्षातच आले नव्हते. देवळ्यांनी वार सांगितला, तिने तो फोनमधल्या कॅलेंडरमध्ये टाकला, आणि त्या कॅलेंडरात मुहूर्त नव्हते. सुखदेवसकट वाढपी, हमाल, बँडवाले सगळे कामावर. देवळ्यांचा माणूस आठला आला, मोबाइल काढून गाद्या मोजू लागला आणि म्हणाला, “निम्म्यालाही दोन-तीन कमी पडतायत, मॅडम. मी असंच लिहू का?”

“थोडं थांबता का? येतील लोक.”

“मला साडेआठला निघायचंय.”

नळाजवळ सुंदराबाई आणि आणखी दोघी बायका बसल्या होत्या. सुंदराबाई उठल्या आणि नम्रतापाशी आल्या.

“फोटू फाइलीतच राह्यते ना, ताई?”

“फाइलीतच राहील, मावशी. मी सांगते ना.”

सुंदराबाईंनी पदर मागे घेतला, केस चापून बसवले आणि आपल्या गादीवर मधोमध ताठ बसल्या. त्यांचे पाहून त्या दोघीही आल्या. फोटो निघाले. सुंदराबाईंनी एकदाही नजर खाली केली नाही.

रविवारी सकाळी करप्यांचा फोन आला. “मॅडम, या आणि बघा. फोनवर सांगण्यासारखं नाही.”

मंदिराकडे वळणाऱ्या कोपऱ्यावर नवा फ्लेक्स लागला होता. माजी नगरसेवक, गॉगल लावलेले, हात जोडलेले. शेजारी ठळक अक्षरांत: ‘बेघर बांधवांना वाघोली येथे हक्काचा सुसज्ज निवारा! बुधवार पेठेत साकारणार भव्य ई-अभ्यासिका! भाऊंच्या पाठपुराव्याला यश!’ खाली गोल चौकटींमध्ये शुक्रवारचे चेहरे. मधला गोल सगळ्यांत मोठा, कारण त्यातला चेहरा सगळ्यांत स्पष्ट आला होता. सुंदराबाई सरळ रस्त्याकडे बघत होत्या.

नम्रताने मजकूर दोनदा वाचला. माणसे आहेत हे सिद्ध झाले होते. सिद्ध झाले म्हणूनच त्यांना शहराबाहेर नेऊन सोडायचे ठरले होते. मंगळवारी माणसे नव्हती म्हणून हॉल काढून घेता येत होता, रविवारी माणसे होती म्हणून काढून घेता येत होता.

“त्यांनी पाहिलं?” तिने विचारले.

“पहाटेच पाहिलं असणार. मी दुकान उघडलं तेव्हा टोपली घेऊन इथेच उभ्या होत्या. म्हणाल्या, दादा, काय लिवलंय वाचून दाखवा.” करप्यांनी फ्लेक्सकडे बोट केले. “मी वाचलं. वाघोली म्हटल्यावर टोपली खाली ठेवली. म्हणाल्या, माह्या लेकीच्या गावात मले बेघर म्हनून नेतेत का? मी म्हटलं, चहा घ्या. आत जाऊन सांगून येतो तोवर निघून गेल्या. टोपली इथेच आहे.”

“करपे, शिडी द्या.”

“मॅडम, कम्प्लेंट होईल.”

“होऊ दे.”

“तसं नव्हे. रविवार आहे, गर्दी आहे, सगळे बघतील.”

“बघू देत. त्या फोटोकडे बघतायतच ना?”

करप्यांनी शिडी आणली, वायर कापायचा कटर दिला आणि शिडी घट्ट धरून उभे राहिले. नम्रताने मधला गोल कापून काढला. माजी नगरसेवकांचे जोडलेले हात तसेच राहिले. त्यांच्या खाली एक मोठे भोक आणि भोकातून मागच्या इमारतीचे मीटरबॉक्स दिसू लागले. दर्शनाला निघालेले लोक थांबून बघत होते. काहींनी मोबाइल काढले. पण तोवर तिने तो तुकडा आत दुमडून घेतला होता.

सोमवारी ती पुन्हा देवळ्यांसमोर उभी होती. या वेळी बसली नाही.

“फोटो फाइलीत राहणार होते.”

“आहेत ना. दाखवू?”

“मग फ्लेक्सवर कसे गेले?”

“त्याची माहिती कक्षाकडे नाही.”

“तुमच्या माणसाने, तुमच्या कक्षाच्या फोनवर काढलेले फोटो आहेत.”

“मॅडम, स्थलांतराचा प्रस्ताव लोकप्रतिनिधींच्या अवलोकनार्थ जातो. सोबत जोडपत्रं असतात.”

“ते लोकप्रतिनिधी नाहीत. माजी आहेत.”

“सेवेला आजी-माजी नसतं.” देवळ्यांनी चष्मा पुसला. “आणि तुमचं अनुदान बंद नाही झालेलं. मी शब्द दिला होता, पाळला. वाघोलीच्या जागेला ते चालू राहील.”

“ती भाड्याची पत्र्याची शेड आहे. मी काल जाऊन आले. या माणसांना पहाटे बाजारात पोचायचं असतं. त्या वेळी तिथून बस नाही.”

“तुमच्या कंपन्यांच्या बसेस असतात ना एवढ्या? बघा काही जमतंय का.”

“एक बाई तुमच्यामुळे निघून गेली आहे, देवळे साहेब.”

“आमच्यामुळे?” ते खरोखरच दुखावल्यासारखे दिसले. “फोटोला त्यांना तयार कुणी केलं, मॅडम?”

याचे उत्तर नम्रताजवळ होते आणि ते देवळ्यांना देण्याचे नव्हते. ती जिना उतरून खाली आली. या माणसाने एकही नियम मोडलेला नव्हता. जे मोडले होते त्यासाठी त्याच्या कक्षात नियमच नव्हता.

त्या संध्याकाळी ती करप्यांच्या दुकानात असताना त्यांचा मोबाइल वाजला. करप्यांनी नाव पाहिले आणि फोन तिच्यापुढे धरला. वाघोलीचा होता.

“आई आहे का? कालपासून फोन नाही तिचा,” राधा म्हणाली.

“त्या कामात आहेत.”

“तुम्ही कॅन्टीनमधल्या का?”

“हो,” नम्रता म्हणाली. “मोठी ऑर्डर आहे. पार्टी आहे कंपनीची.”

म्हणजे आई वाघोलीला गेलेली नव्हती. म्हणजे सासरी अजून काही कळलेलेही नव्हते.

“बरं. आज काय केलंय म्हणे?”

नम्रता त्या दिवशी जेवलीच नव्हती. “डाळ-पालक,” ती म्हणाली.

“तिला सांगा, शुक्रवारी संकष्टीला आम्ही सगळे दगडूशेठला येतोय. सासूबाई, हे, सगळे. तिला सुट्टी मिळाली तर तिथेच भेटू म्हणावं.”

फोन बंद झाल्यावर करपे म्हणाले, “तुम्ही तो भाग कापलात ते बरं झालं.”

बुधवारी पोलीस ठाण्यातून बोलावणे आले. फ्लेक्स फाडून नुकसान केल्याची तक्रार होती. तो फ्लेक्स लावायला परवानगी घेतली होती का, असे नम्रताने विचारले. तो विषय पालिकेचा, असे हवालदाराने सांगितले. मग तिने सुंदराबाई बेपत्ता असल्याची तक्रार लिहून घ्यायला सांगितली.

“पूर्ण नाव?”

“सुंदराबाई.”

“आडनाव? गाव?”

“वाशीमकडच्या. आम्ही आडनाव विचारत नाही.”

हवालदाराने पेन खाली ठेवला. “नातेवाईक?”

नम्रताला नंबर ठाऊक होता. तो दिला तर तासाभरात वाघोलीच्या घरी पोलिसांचा फोन जाणार होता आणि पहिलाच प्रश्न असणार होता, तुमची आई बुधवार पेठेत बेघरांच्या निवाऱ्यात राहत होती का. “शोधून सांगते,” ती म्हणाली.

“निदान फोटो तरी द्या. फोटोशिवाय बाई शोधायची कशी?”

नम्रताने पर्स उघडली. फ्लेक्सचा तुकडा काढून टेबलावर उलगडला. हवालदाराने तो पाहिला, समोरच्या तक्रारीकडे पाहिले, पुन्हा तुकडा पाहिला.

“हा तोच का?”

“हो.”

“मग हा मुद्देमाल आहे,” तो म्हणाला, आणि तुकडा पाकिटात घातला. “मिसिंगसाठी दुसरा आणा.”

निवाऱ्याच्या पाण्याच्या दुसऱ्या जोडणीचा अर्ज पालिकेत सात महिने पडून होता. फ्लेक्सला मात्र चारच दिवस लागले. गुरुवारी संध्याकाळी नम्रता बुधवार पेठेत पोचली, तेव्हा त्याच कोपऱ्यावर त्याच मजकुराचा नवा फ्लेक्स लागलेला होता, आधीपेक्षा उंचावर. मधल्या गोलात सुंदराबाई तशाच ताठ बसल्या होत्या. रस्त्याच्या कडेने फुलवाले उद्यासाठी मांडव घालत होते.

करपे दुकानातून बाहेर आले. “आणू शिडी? मोठी मागवून ठेवलीय.”

“थांबा,” नम्रता म्हणाली. “आधी फोटो काढू दे.”

तिने मोबाइल वर केला आणि चार वर्षांत पहिल्यांदा निवाऱ्यातल्या माणसाचा फोटो काढला. तो रात्री साडेसातला ठाण्यात दिला. बेपत्ता असल्याची नोंद झाली, नातेवाइकांच्या रकान्यात तिने स्वतःचे नाव लिहिले. सुंदराबाईंना सोमवारी दुपारी स्वारगेटच्या बाजूला पाहिल्याचे एक फुलवाला सांगतो. त्यानंतरची काही माहिती नाही. अनुदानाच्या फाइलीवर स्थलांतराची शिफारस आहे, सही व्हायची आहे. उद्या संकष्टी आहे, राधाच्या सासरची माणसे फ्लेक्सच्या कोपऱ्यावरूनच दर्शनाला जातील.